काचेच्या तारेवर बोंबील

इंटरनेटचा धंदा करतो म्हणजे आपण नेमकं काय विकतो, हे मला पहिले कितीतरी महिने कळलंच नव्हतं. नवरा म्हणायचा, "अगं, आपण उजेड विकतो." मी म्हणायचे, "हो का? मग वीजवाले काय विकतात, काळोख?" मी मूळची सफाळ्याकडची, भातशेतीवाल्यांच्या घरातली. लग्न होऊन बोईसरला आले आणि एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला लागले. तोंडाने फटकळ, डोक्याने तापट. नवरा नेमका उलटा. त्याच्या डोक्यावर कुणी वीट टाकली तरी तो आधी वीट उचलून बाजूला ठेवेल आणि मग विचारेल, लागली नाही ना तुम्हाला हाताला?

तर या माणसाने एके दिवशी मला आमच्या गाळ्यात बसवून तारेची जोडणी दाखवली. काळी केबल सोलली. आत रंगीत धागे निघाले. एक धागा घेऊन त्याचा रंग पुसला, तर आत काच! खरीखुरी काच, डोक्याच्या केसाएवढी, आणि बोटाभोवती गुंडाळली तरी न मोडणारी. मी म्हटलं, "काच कधी वाकते का हो?" तो नुसता हसला. दोन तुटकी टोकं त्याने एका छोट्या मशीनमध्ये ठेवली, झाकण लावलं, आत बारीकशी ठिणगी उडाली आणि दोन काचांची एक काच झाली. मग त्याने पेनासारखी एक लाल बत्ती काढली, केबलच्या अख्ख्या भेंडोळ्याच्या एका टोकाला लावली आणि दुसरं टोक माझ्या तळहातावर धरलं. भेंडोळं एवढं मोठं की ते उलगडलं असतं तर स्टेशनापासून थेट तारापूरच्या वाटेला लागलं असतं. आणि एवढी वळणं घेऊन तो लाल ठिपका माझ्या हातावर येऊन बसला होता. अंगावर सर्रकन काटा आला माझ्या. देवळात गाभाऱ्यापुढे उभं राहिल्यावर होतं ना, तसं काहीतरी झालं. नोकरी सोडून धंद्यात उतरायचं मी त्याच संध्याकाळी ठरवलं.

एवढ्याशा काचेवर पोट ठेवणं म्हणजे काय, ते नोकरी सोडल्यावर समजलं. आमच्या बोईसर-तारापूर रस्त्यावर कधी गटाराचं काम निघेल ते देवाला माहीत. एकदा सकाळी फोनांचा पाऊस पडला म्हणून पळत गेले, तर जेसीबीच्या दातात आमची केबल लोंबकळत होती. मी त्याच्या केबिनपाशी जाऊन म्हटलं, "भैया, आँखें हैं कि बटन लगाये हैं?" तो बिचारा खाली उतरून म्हणाला, "मॅडम, दिखा ही नहीं. इतना पतला कौन डालता है जमीन में?" आता त्याला काय सांगू? त्या पातळ तारेवर निम्मा रस्ता बोलत होता. मग आम्ही तार जमिनीतून काढून खांबांवर चढवली, तर कारखान्यांचे ट्रक उंच माल लादून यायचे आणि तार ओढून न्यायचे. किनाऱ्याकडे खारा वारा तार धरणाऱ्या लोखंडी पट्ट्या बिस्किटासारख्या खाऊन टाकतो. पावसाळ्यात एकदा वीज पडली तर खांबांवरच्या जोडणीच्या सगळ्या पेट्या ओळीने जळाल्या, आणि उंदरांना काळ्या केबलची काय चव लागते कोण जाणे! बरं, उजेडही आमचा स्वतःचा नाही. तो आम्ही वरच्या मोठ्या लाइनवाल्यांकडून घेणार, त्यांचं बंद पडलं की शिव्या मात्र आम्हाला. आणि तुटलेलं जोडणारे हात एकाच माणसाचे. नवऱ्याला साधा ताप आला तरी मी रात्रभर जागायचे. आधी त्याच्या काळजीने, आणि लगेच मागोमाग धंद्याच्या. खोटं कशाला बोलू?

हे सगळं रडतखडत झेपत होतं. न झेपणारी गोष्ट एकच होती. मोठी कंपनी बोईसरात आली. तिची माणसं एकेका इमारतीत शिरायची आणि आमची एकेक तार गुंडाळून जिन्याखाली टाकून द्यायची. मी भांडले, विनवण्या केल्या, लोकांना चहा पाजला. लोक चहा प्यायचे आणि त्यांची तार घ्यायचे. शेवटी शहर हातचं गेलं. उरली ती किनाऱ्याकडे जाणारी एक लाइन. अणुऊर्जा केंद्राच्या वसाहतीच्या दिशेने जाऊन पुढे आडव्या फुटणाऱ्या रस्त्याने ती एका कोळीवाड्यात शिरायची, आणि वाड्यातून पुढच्या दोन गावांना जायची. मोठ्या कंपनीला इतक्या आत यायला तेव्हा परवडत नव्हतं. त्या एका लाइनीवर आमच्या गाळ्याचं शटर रोज वर जात होतं. ती गेली की कुलूप, आणि मी पुन्हा कारखान्याच्या दारात. नवरा कुठे जाणार होता, हे आम्ही एकमेकांत बोलतही नव्हतो.

आणि नेमकी तीच लाइन मरायला लागली.

दिवाळी उलटून गेली होती. छान कोरडं ऊन, पाऊस नाही, वारा नाही. सकाळी सगळं व्यवस्थित असायचं. ऊन चढायला लागलं की वाड्यातून फोन यायचे, "बंद पडला." संध्याकाळी नवरा हातातली कामं आवरून तिकडे पोचेपर्यंत सगळं पुन्हा सुरू. तो मीटर लावून बघायचा, उजेड भरपूर. परत आला की दुसऱ्या दिवशी तेच. मधेच दोन-तीन दिवस काहीच व्हायचं नाही, आम्ही हुश्श म्हणायचो, आणि पुन्हा बंद. आम्ही कशाकशावर संशय घेतला नाही! उन्हाने पेटी तापते म्हणून पेटीवर पत्र्याची टोपी बसवली. विजेचा दाब कमी पडतो म्हणून बॅटऱ्या बदलल्या. मला तर पक्कं वाटत होतं की मोठ्या कंपनीचाच कुणी माणूस दुपारी येऊन आमची तार दाबून धरतो. नवरा म्हणाला, "अगं, एवढा रिकामा माणूस ते ठेवतील का?" मी म्हटलं, "तुम्हाला जगात सगळे सज्जनच दिसतात."

शेवटी वाड्याच्या मच्छीमार सोसायटीच्या चेअरमननी फोन केला. माणूस चांगला, पण तुकडा पाडून बोलणारा. "शनिवारी चार वाजता देवलासमोर सभा हाय. मोट्या कंपनीचा सायेब येनार हाय. तुमी बी या. तुमची लाइन दिवसा मरते. बोटीवरून पोरं बाजारभाव विचारतात तं घरच्यांना सांगता येत नाय. का मरते ते सभेत सांगा, नाय तं आपला राम राम." पुढची दोन्ही गावं वाडा करेल तेच करणार, हे त्यांनी सांगायची गरजच नव्हती.

शनिवारी सकाळी लाइन पुन्हा मेली. नवरा वरच्या लाइनवाल्यांच्या पेटीपाशी बोईसरात अडकलेला. मी म्हटलं, आज मीच जाते. पालघरच्या एका ओळखीच्या माणसाकडून आम्ही आदल्याच रात्री एक मशीन मागून आणलं होतं. ते तारेत उजेड सोडतं, आणि काचेला जिथे इजा झाली असेल तिथून थोडासा उजेड परत येतो. त्यावरून ते अंतर सांगतं. म्हणजे कुठे दुखतंय हे काच स्वतः सांगते! इतकी वर्षं धंद्यात काढूनही मला याचं नवल वाटतं ते वाटतंच. मशीनने जागा दाखवली ती वाड्याच्या अगदी टोकाची, समुद्राच्या तोंडाशी. स्कूटर काढली आणि निघाले. वाटेत तोंडाने तयारी चालू होती, सापडू दे तो हलकट, त्याला त्याची आई आठवायला लावते.

स्कूटर लावून घरांच्या मागे वळले आणि थांबले. आमची तार मला दिसलीच नाही. दिसले ते बोंबील. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत, तिथून तिसऱ्यापर्यंत, जोडीजोडीने लटकवलेले. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून तारेवर टाकलेले, नुकतेच बोटीतून उतरलेले, ओलेगच्च. मागून ऊन येत होतं आणि ते सगळे मासे आरपार दिसत होते, गुलाबीसर, पांढरे, आतला काटासुद्धा मोजता यावा असे. वारा आला की सगळी रांग एकदम हलायची. मागे निळा समुद्र. बाजूला बांबूंच्या वलांडी, म्हणजे मासळी वाळवायचे मांडव, त्यांच्या दोऱ्यांवरही बोंबीलच बोंबील. मी सुके बोंबील जन्मभर खाल्लेत, भाकरीबरोबर त्यांच्या चटणीवर वाढलेय म्हणा ना, पण हे असं मी कधी पाहिलं नव्हतं. आणि त्या जबड्यांच्या आतून, त्या काळ्या तारेतून, तीन गावांचं बोलणं जायचं. शाळेचे धडे, डॉक्टरांचे रिपोर्ट, दुबईला गेलेल्या लेकाचा चेहरा, सगळं त्या ओल्या माशांच्या दातांखालून. ओरडायला उघडलेलं माझं तोंड तसंच उघडं राहिलं. बाई गं, किती सुंदर दिसत होतं ते!

आणि मग मी ओरडलेच. "कुणी लावलेत हे? कुणाचे आहेत?"

मासळीच्या उलट्या पाटीवर एक म्हातारी बसली होती. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, हात खवल्यांनी चमकणारे. मान वर न करता म्हणाली, "माजे हायत. काय गो बाय, अंगात आला काय तुज्या?"

"मावशी, ही इंटरनेटची तार आहे!"

"आसंल. लय बेस दोरी हाय. उंच हाय, कुत्री पोचत नाय, वारा चांगला लागतो. पयल्या दिवसाचा वला मासा हितं टाकायचा, सांजच्याला जरा सुकून आवलला का वलांडीवर न्यायचा."

मला एकदम सगळं उमगलं. ओला बोंबील म्हणजे निम्मं पाणीच. सकाळी बोटी आल्या की हिचा सगळा ओला माल तारेवर चढायचा, तार खाली ओढली जायची, आणि खांबापाशी जिथे ती पेटीत वळते तिथे काच मुडपायची. मुडपलेल्या काचेतून उजेड पुढे जात नाही. संध्याकाळी ही मासे उतरवायची आणि नवरा मीटर लावून म्हणायचा, काहीच झालेलं नाही. बोटी गेल्या नाहीत त्या दिवशी आम्ही हुश्श म्हणायचो. आणि मी बाई मोठ्या कंपनीच्या नावाने बोटं मोडत बसले होते!

"पण मावशी, दुसऱ्याच्या तारेवर असे मासे लावतात का?"

आता तिने मान वर केली. "दुसऱ्याची कशी? हितल्या वाड्यात जिच्या वालवनाच्या जागंवरून दोरी जाते तिची ती दोरी. आमच्या आईच्या, आजीच्या टायमापास्नं हाय ता. तुजा मानूस खांब रोवाया आलता, मला म्हनला मावशी जागा देता काय, मी म्हनला रोव बाबा. जागा दिली म्हनून त्यानी दोरी दिली. कवा परत मागितली काय त्यानी?" मग जरा थांबून म्हणाली, "करंट नाय तिच्यात. मी पयल्याच दिवशी हात लावून बगितला."

माझा नवरा! जागा मागितली, हात जोडले, बहुतेक चहाही प्यायला असेल. पण ती तार कशाची, हे सांगायचं त्याच्या डोक्यात आलंच नाही. सगळ्यांना माहीतच असतं असं त्याला वाटलं. आणि या बाईनेही विचारलं नाही, कारण दोरी कशासाठी असते हे काय विचारायचं असतं?

"हे सगळं आत्ताच्या आत्ता उतरवा," मी म्हटलं.

"आता? येडी झाली काय? वला बोंबील उनातून काडून ढीग मारला का लगदा व्हतो. वलांडीवर जागा नाय, तूच बघ. सांजच्याला उतरवीन."

"संध्याकाळी सभा संपलेली असेल मावशी!"

"मंग? तुजा काय जातो?"

माझा आवाज चढला आणि मधेच फुटला. "माझं सगळं जातं! तार बंद राहिली तर आज तुमचा वाडा मोठ्या कंपनीची तार घेणार. मग पुढची गावं जाणार. मग आमचं दुकान बंद. आमच्याकडे दुसरं काही उरलेलं नाही, समजलं का तुम्हाला? हीच एक तार उरलेय!" एका परक्या बाईसमोर, माशांच्या वासात, भर उन्हात मी डोळे पुसत उभी होते. लाजही वाटली आणि बरंही वाटलं.

मला वाटलं तिला खरं वाटत नाहीये. मग मी पिशवीतून सुट्या काचेचा एक धागा आणि ती लाल बत्ती काढली. उन्हात दिसणार नाही म्हणून तिच्या ओटीवर सावलीत गेले. ती मागोमाग आली. धाग्याच्या टोकाला लाल ठिणगी दिसली तशी ती पुढे झुकली. मी धागा तिच्या हातात दिला आणि म्हटलं, आता बोटाभोवती आवळा. तिने आवळला, आणि वळणातून लाल उजेड बाहेर गळायला लागला. टोक विझलं.

"आई गो," ती म्हणाली. सोडला. टोक पेटलं. पुन्हा आवळला, पुन्हा सोडला. मग अगदी हळू आवाजात मला विचारलं, "दुकतो काय त्याला?"

मी म्हटलं, "काचेला दुखत नाही मावशी. पण उजेड पुढे जात नाही."

"नि ह्याच्यातून मानसं बोलतात?"

"हो."

"समदी? येकाच केसातून?"

"समदी. तीन गावांची."

"गुंतत नाय?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, आणि मीही नवऱ्याला कधी विचारला नव्हता. इतके आवाज, इतके चेहरे एकाच केसातून एकाच वेळी जातात, आणि एकही दुसऱ्यात अडकत नाही. मी म्हटलं, "नाही गुंतत." ती तो धागा तळहातावर घेऊन बघत बसली. "आमचं जालं येक दिवस बिनगुंत्याचं येत नाय," ती म्हणाली. आम्ही दोघी त्या लाल ठिपक्याकडे बघत बसलो. मी भांडायला आले होते हे मी विसरूनच गेले होते.

मग ती उठली, पदर खोचला आणि बोंबील उतरवायला लागली. मीही हात लावला, तर म्हणाली, "तू नको, जबडा फाडशील." तिथूनच तिने शेजारणींना हाक मारली. "जरा जागा करा गो वलांडीवर!" आता हे किती मोठं मागणं होतं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्या वाड्यात एकीची मासळी दुसरीच्या दोरीवर कधी जात नाही. मिसळली की भांडण, आणि ती भांडणं पोरांच्या लग्नांपर्यंत पोचतात, असं नंतर कुणीतरी सांगितलं. पण बायका आल्या. "काय झाला? कशाला?" म्हातारी म्हणाली, "उजेड अडकलाय," आणि तेवढंच. एकीने आपले बोंबील सरकवले, दुसरीने आपल्या छपरावर जाळं पसरून दिलं, तिसरी अर्ध्या सुकलेल्या जोड्या हातावर घेऊन घरात पळाली. काही मासे दबून खराब झाले, ते म्हातारीने न बोलता कोंबड्यांना टाकले. मी नुसती बघत राहिले. माझ्या कुणी लागत नव्हत्या या बायका. तार हलकी होत होत वर उठली, आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. नवरा बोईसरहून ओरडत होता, आणि तो ओरडला असं आयुष्यात फार थोड्या वेळा झालंय. "अगं, उजेड आला! काय केलंस तू?"

"बोंबील काढले."

"काय काढलं?"

"फोन ठेवा आणि इकडे निघा," मी म्हटलं.

चार वाजता देवळासमोर सगळा वाडा जमला. पुरुष पायऱ्यांवर, बायका एका बाजूला. मोठ्या कंपनीचा साहेब इस्त्रीच्या शर्टात, गोड बोलणारा. त्याने काय काय फुकट मिळणार ते सांगितलं. तेवढ्यात नवराही धुळीने माखून पोचला आणि मागे उभा राहिला. चेअरमन माझ्याकडे वळले. "लाइन आता चालू हाय, ता मी बगितला. पन दिवसा का मरत व्हती?"

मी बायकांच्या रांगेकडे पाहिलं. म्हातारी तिथे बसली होती, हातांवर अजून खवले. बोंबलांचं नाव काढलं असतं तर अख्खी सभा तिच्यावर हसली असती, तिच्याच देवळासमोर, आणि ज्या दिवशी तिने माझ्यासाठी आपला माल कोंबड्यांना घातला त्याच दिवशी. जीभ वळेना माझी. मी म्हटलं, "खांब चुकीच्या जागी रोवले होते. वाळवणाच्या जागेतून तार न्यायलाच नको होती. चूक आमची." साहेबाने ते बरोबर झेललं. "बघा, ज्यांना खांब कुठे रोवायचे ते कळत नाही..." पायऱ्यांवर कुजबुज सुरू झाली. दोन-तीन माना त्याच्या बाजूने हलल्या. मला तेव्हा आमच्या गाळ्याचं शटर खाली येताना अक्षरशः ऐकू आलं. नवऱ्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

म्हातारी उठली. "तिची चूक नाय. मी त्या तारंवर बोंबील लावत व्हती."

क्षणभर कुणाला कळलंच नाही, आणि मग जो हशा उठला! साहेबसुद्धा हसला. म्हातारी कमरेवर हात ठेवून सगळ्यांचं हसणं संपेपर्यंत उभी राहिली आणि चेअरमनकडे बोट दाखवून म्हणाली, "तू काय हसतो? तुज्या बायकोनी त्याच तारंवर दुदीचा वेल चडवलाय."

हशा थांबला. चेअरमननी बायकोकडे पाहिलं. ती पदर सावरत म्हणाली, "हाय चडवलेला. दुदी बी लागल्यात." मग तिच्या शेजारची म्हणाली, "मी जालं टाकते वालत." आणखी एक, "माज्या पोरांचे शालेचे कपडे असतात." देवळाच्या मागच्या घरातली एक सून तर रडवेली होऊन म्हणाली की तिने पाळणा बांधला होता, पण बाळाचा नाही, मांजराच्या पिल्लांचा. अहो, अख्खा वाडा आमच्या तारेवर लटकला होता! नवरा देवळाच्या पायरीवर मटकन बसला आणि त्याने डोक्याला हात लावला. आणि ती काच, केसाएवढी काच, इतकं सगळं अंगावर घेऊन तीन गावांना बोलतं ठेवत होती, फक्त ओल्या बोंबलांपुढे तिने हात टेकले होते.

साहेब सावरून म्हणाला, "आमच्याकडे असं चालत नाही. आमच्या खांबाला कुणी हात लावला तर दंड होतो."

चेअरमननी मला विचारलं, "तुमी दंड करनार काय?"

"कुणाकुणाला करू?" मी म्हटलं. "मी सकाळी इथे भांडायलाच आले होते. भांडून झालं." मग वाटलं, आता काय लपवायचं? "हमी माझ्याकडे नाही. उद्या जेसीबी तार तोडेल, पावसाळ्यात वीज पडेल, माझा नवरा आजारी पडला तर जोडायला दुसरं कुणी नाही. यांच्याकडे माणसं पुष्कळ आहेत. आमच्याकडे आम्ही दोघं आहोत."

मग म्हातारी, जी अजून खाली बसलीच नव्हती, मला म्हणाली, "आयक बाय. खांब तुजं, जागा आमची. वर तुजी तार, खालती आमची दोरी. आमी तारंला हात लावनार नाय, नि जिच्या जागंवरून तार जाते तिनं तिच्यावर नजर ठेवायची. पन दोरी तू आनायची." आणि सभेकडे वळून विचारलं, "काय गो? चालंल काय?"

बायका म्हणाल्या, चालंल. पुरुषांना कुणी विचारलं नाही. साहेबाने आपली बॅग बंद केली. चेअरमन काहीतरी बोलायला गेले, तर त्यांची बायको म्हणाली दोरी नायलॉनची नको, बोंबील घसरतात. दुसरी म्हणाली सुताची कुजते. यावर जी जुंपली ती दिवे लागले तरी थांबेना, आणि आमचं दुकान राहणार की जाणार हे पुन्हा कुणी विचारलंच नाही.